अठराव्या रेघेच्या खाली

२७ जुलै १९७८, सकाळचे सहा. मोजणीच्या विहिरीतल्या शेवटच्या कोरड्या पायरीवर कंदील टेकवून मी मोजपट्टीकडे पाहिलं, वहीतल्या पातळीच्या रकान्यात १८ लिहिलं, दाराच्या रकान्यात 'बंद' लिहिलं आणि खाली सही केली. तीन मिनिटांचं काम. माझ्या वडिलांची अकरा वर्षांची नोकरी या तीन मिनिटांमुळे जाण्याच्या बेतात आली. पुढे आयुष्यभर मी जो विषय शिकवला, तोही मला खऱ्या अर्थानं याच नोंदीमुळे कळला. म्हणून ते चार दिवस इथे सविस्तर मांडते.

मुठा नदीच्या खोऱ्यात, गावापासून वर डोंगराच्या कुशीत, पाटबंधारे खात्याचा एक लहान तलाव होता. त्याला लोखंडाचं एकच दार होतं आणि त्या दारासाठी एकच नियम. पाणी अठराव्या रेघेला लागलं किंवा तिच्या वर गेलं, तर दार उघडायचं; अठराच्या खाली असेल तर बंद ठेवायचं. दार बंद असतानाही खाचरांकडे जाणाऱ्या पाटातून थोडं पाणी कायम जात असे, त्यामुळे पाऊस थांबला की पातळी उतरे. तलावाच्या भिंतीलगत एक दगडी विहीर बांधलेली होती. नळावाटे तलावाचं पाणी तिच्यात येई. वर पत्र्याचं छप्पर होतं, त्यामुळे आत लाट नसे आणि पाऊसही नसे. विहिरीच्या भिंतीला लाकडी मोजपट्टी ठोकलेली, तिच्यावर दर अर्ध्या फुटाला एक काळी रेघ आणि रेघेशेजारी तिचा अंक. माझे वडील इब्राहिमभाई, म्हणजे आमचे अब्बा, ही पट्टी वाचण्याच्या कामावर होते. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी ते आकडा लिहीत, सकाळच्या आकड्याची चिठ्ठी करीत आणि पौडला जाणाऱ्या पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देत. पौडच्या कचेरीत बसलेल्या साहेबांना आमचा तलाव त्या चिठ्ठीएवढाच ठाऊक होता.

घर विहिरीपासून शंभर पावलांवर, खात्याच्याच दोन खोल्या. पावसाळ्यात त्या खोल्यांत तीन आवाज कायम असत: पत्र्यावरचा पाऊस, चुलीतल्या ओल्या लाकडाची चरचर आणि अम्माचं स्वतःशी चाललेलं बोलणं. अम्मा तांदळाची भाकरी थापताना कोणाशी तरी भांडत असे, बहुतेक वेळा लाकडाशी. त्या आठवड्यात तिनं खेकड्याचं कालवण दोनदा केलं होतं, कारण अब्बांच्या पायाला ताकद यायला हवी होती. बांधावरचं गवत काढताना कोयता घसरून त्यांच्या पोटरीला खोल जखम झाली होती आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस पायऱ्या उतरायला मनाई केली होती. मला पुण्याला पत्र गेलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे वर्ग नुकते सुरू झाले होते. मी आठ दिवसांची रजा घेतली आणि पट्टी वाचायला घरी आले. येताना पिशवीत गणिताच्या चाचणीचा पेपर होता. त्यातल्या एका प्रश्नाला मला शून्य मिळालं होतं आणि ते मला अजिबात मान्य नव्हतं.

पट्टी वाचणं सोपं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पाणी क्वचितच बरोबर रेघेवर उभं राहतं. ते दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि वहीत तर पूर्ण अंकच हवा. अब्बांनी खाटेवरून मला त्यांची रीत सांगितली.

"पानी ज्या रेघेला शेवटचं शिवलं, ती रेघ लिवायची. झालं."

"म्हणजे चढतं पाणी असेल तर खालची, आणि उतरतं असेल तर वरची?" मी विचारलं.

"व्हय, तसंच म्हन."

त्यांनी 'तसंच म्हन' म्हटलं आणि मी त्याचा नियम केला. वहीच्या पुठ्ठ्यावर आतून सुबक अक्षरांत लिहूनही ठेवला: चढते, तर खालची रेघ, उतरते, तर वरची रेघ. मला तो अब्बांच्या वाक्यापेक्षा जास्त शास्त्रशुद्ध वाटला. आज सांगायला संकोच वाटत नाही, की त्या वयात ज्या वाक्याचे दोन स्वच्छ तुकडे करता येत नाहीत ते वाक्य मला अशिक्षित वाटे.

सव्वीस तारखेच्या संध्याकाळी पाणी सतराच्या वर होतं आणि चढत होतं. मी १७ लिहिलं. सत्तावीसच्या सकाळी पाणी अजूनही सतरा आणि अठराच्या मध्येच होतं, पण त्याच्या वर लाकडावर तीन बोटं रुंदीचा ओला पट्टा होता. म्हणजे मधल्या वेळात पाणी आणखी चढून पुन्हा उतरायला लागलं होतं. उतरते, तर वरची रेघ. मी १८ लिहिलं. पाणी रेघेच्या खाली दिसत होतं, म्हणून दार बंद ते बंदच. चिठ्ठी कंडक्टरच्या हातात दिली आणि घरी येऊन गरम भाकरी खाल्ली.

दुपारच्या गाडीनं उत्तर आलं. साहेबांच्या हातचं, चार ओळींचं. 'पातळी १८ असताना दार बंद ठेवल्याचे दिसते. हे कर्तव्यात कसूर आहे, अथवा नोंद खोटी आहे. दोन दिवसांत समक्ष खुलासा करावा. समाधान न झाल्यास हजेरीपटावरून नाव कमी करण्यात येईल.' अब्बा रोजंदारीवर होते. अकरा वर्षं काम केल्यावर त्या दिवाळीपर्यंत त्यांना कायम करण्याचे कागद पुढे सरकले होते. नाव कमी झालं असतं तर नोकरी गेली असती, दोन खोल्या गेल्या असत्या आणि पुण्यातलं माझं शिक्षणही तिथेच संपलं असतं.  अम्मानं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

अब्बांनी चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "पानी अठराला शिवलं व्हतं का, नसीम?"

"उतरत होतं, अब्बा."

"उतरत व्हतं ते समजलं. शिवलं व्हतं का?"

मी नकारार्थी मान हलवली. ओला पट्टा अठराच्या खालीच संपत होता. मी तो पाहिला होता, त्याची रुंदी मोजली होती, त्यावरून पाणी उतरतंय हे ठरवलं होतं. पण त्याचं वरचं टोक कुठे आहे, हे लिहिण्याजोगं मला वाटलं नव्हतं.

सोपानकाका तेवढ्यात आले. ते दाराचं चाक फिरवायचे. खालच्या गावातच त्यांची भातखाचरं होती आणि अब्बांशी त्यांची वीस वर्षांची दोस्ती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "आमची बी.एस्सी. पानी मोजती झ्याक, पर पान्याला काय इचारत न्हाई."

"काका, आत्ता चेष्टा नको."

"मंग कामाचं सांगतो. वही आन. आठाचा सात करायला कितीसा येळ लागतुया? साहेबाला म्हनायचं, चिठ्ठीत चुकून आठ पडला."

अब्बा म्हणाले, "न्हाई. खाडाखोड नको. मी म्हनतो, मीच लिवलं, डोळ्याला दिसलं न्हाई. पोरीचं नाव येऊ द्यायचं न्हाई."

"सही माझी आहे," मी म्हणाले. "आणि आकडाही माझाच आहे."

"मंग भांडा सायबाशी," सोपानकाका म्हणाले. "इंग्रजीत भांडा, म्हंजे त्याला बी समजल."

मी ओट्यावर जाऊन बसले. हातात काहीतरी असावं म्हणून पिशवीतून चाचणीचा पेपर काढला. शून्य मिळालेला तो प्रश्न असा होता. दोन फलनं, म्हणजे एका संख्येवरून दुसरी काढून देणारे दोन नियम, दिलेली. पहिलं साधं: चारातून, क्ष उणे एकचा वर्ग वजा करायचा. दुसरं तुकड्यांत दिलेलं: आत येणारी संख्या चारपेक्षा लहान असेल तर उत्तर दोन, चार किंवा चारपेक्षा मोठी असेल तर उत्तर सात. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात घालायचं आणि क्ष एकच्या जवळ जात असताना शेवटच्या उत्तराची सीमा काढायची, म्हणजे ते उत्तर कोणत्या संख्येजवळ जातं ते सांगायचं. मी लिहिलं होतं: क्ष एककडे जाताना आतली संख्या चारकडे जाते, चारच्या डावीकडून दुसऱ्या फलनाची सीमा दोन, उजवीकडून सात, दोन्ही वेगळ्या, म्हणून सीमा अस्तित्वात नाही. वाक्य देखणं होतं. त्याच्याखाली सरांनी लाल शाईनं एवढंच लिहिलं होतं: 'चारच्या उजवीकडे कोण गेलं?'

पुण्यात असताना मला तो शेरा खवचट वाटला होता. ओट्यावर बसून मी तो पुन्हा वाचला आणि खरोखर संख्या घालून पाहिल्या. क्ष शून्य पूर्णांक नऊ दशांश घेतला, आतली संख्या आली तीन पूर्णांक नव्व्याण्णव शतांश. एक पूर्णांक एक दशांश घेतला, तरी तीन पूर्णांक नव्व्याण्णव शतांशच. एकच्या अलीकडून या किंवा पलीकडून या, आतली संख्या चारच्या खालूनच येते, चारला टेकते आणि खालीच परत जाते. चारच्या वर ती कधीच नसते. मग दुसऱ्या फलनाच्या 'सात' या तुकड्याशी जवळच्या कोणत्याच क्षचा संबंध येत नाही. तो फक्त नेमक्या एकला लागू. सीमा दोन. मी पलीकडची बाजू केवळ कागदावर होती म्हणून हिशेबात धरली होती, आणि आज सकाळी विहिरीतही हेच केलं होतं. पाणी उतरतंय, म्हणजे ते वरच्या रेघेवरून आलं असणार, असं मी गृहीत धरलं. ते सतराकडून वर आलं, अठराला न पोहोचताच वळलं आणि खाली निघालं. शेवटची शिवलेली रेघ सतराच. अब्बांच्या वाक्यात वळणाऱ्या पाण्याला जागा होती. माझ्या सुबक दोन ओळींत नव्हती.

पुढे चाळीस वर्षं मी हे उदाहरण फळ्यावर मांडलं, आणि दरवर्षी निम्मा वर्ग तिथेच चुकला. बाहेरच्या फलनाची सीमा नाही, म्हणून दोन्ही जोडून होणाऱ्या फलनाचीही नाही, असं हुशार मुलंच आधी लिहितात. मी त्यांना शून्य देई आणि तोच प्रश्न विचारी. त्यांचा राग मला समजत असे.

पण साहेबांना वर्गातला युक्तिवाद पुरला नसता. पाणी अठराला शिवलं नाही, याचा पुरावा हवा होता, आणि तो विहिरीतच होता. दर पावसाळ्याच्या तोंडाशी अब्बा मोजपट्टीच्या कडेला तळापासून वरपर्यंत ओला गेरू फासत. पाणी चढे तसा गेरू धुऊन जाई. जिथवर धुतला, तिथवर त्या वर्षीचं पाणी गेलं. मी धावत विहिरीत उतरले. अठराव्या रेघेवर गेरू कोरडा होता, खाली बोटभरापर्यंत कोरडा होता. मला हायसं वाटलं, पण मिनिटभरच. ओला पट्टा अरुंद झाला होता. डोंगरावर पाऊस लागला असणार. पाणी पुन्हा चढत होतं. साहेबांनी दोन दिवस दिले होते, आणि गेरूकडे मात्र फार तर संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

"मी पौडला जाते," मी घरात येऊन सांगितलं. "साहेबांना आजच आणते."

"साहेब तुज्या बोलावन्यानं येनार?" अम्मानं विचारलं. "काय लगीन हाय का हितं?"

"नाही आले तर निदान नाही म्हणाल्याचं मला कळेल."

अब्बा म्हणाले, "छत्री घे. वही प्लॅस्टिकात गुंडाळ."

पौडच्या कचेरीत साहेब एका मोठ्या नकाशावर वाकून चहा पीत होते. पुण्याचे, पन्नाशीचे, प्रत्येक वाक्य पूर्ण करणारे गृहस्थ. मी वही उघडून समोर ठेवली.

"हा आकडा मी लिहिला. माझे वडील पायाच्या जखमेमुळे झोपून आहेत. आकडा चुकीचा आहे. पाणी अठराला पोहोचलं नव्हतं."

"आता पत्र गेल्यावर तो चुकीचा झाला का?"

"सकाळी सहालाच चुकीचा होता. मला दुपारी कळलं."

"कसं कळलं?"

मी त्यांच्या नकाशाच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं एक उलट्या वाटीसारखी वक्ररेषा काढली आणि तिच्या माथ्याच्या जरा वर एक आडवी रेघ. "पाणी असं आलं, असं वळलं. रेघ ही. दाराचा नियम रेघेच्या खाली एक आणि रेघेवर दुसरा. पाणी सर्व वेळ खाली होतं, म्हणून दार बंद असणंच बरोबर होतं. दार बरोबर, आकडा चूक."

"हा शासकीय नकाशा आहे," साहेब म्हणाले.

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी मात्र आकृतीवरची नजर काढली नाही.

"समजा, पाणी रेघेला नुसतं टेकून परत गेलं असतं, तर?"

"तर त्या क्षणापुरता दुसरा नियम लागू झाला असता आणि आम्ही दोषी असतो. ते टेकलं नाही, हे मी दाखवू शकते. पण आज. उद्या तो पुरावा पाण्याखाली असेल."

"आणि मी आज आलो नाही, तर?"

"तर तुम्ही न पाहता ठरवलं, असं होईल."

 साहेबांनी कप बशीत उपडा घातला, टोपी घेतली आणि शिपायाला जीप काढायला सांगितलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले: "उद्धटपणाला गुण नाहीत, एवढं लक्षात असू दे."

आम्ही पोहोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. सोपानकाका विहिरीच्या तोंडाशी घोंगडं पांघरून उभे होते. "बिगीबिगी चला साहेब," ते म्हणाले, "पानी काय तुमच्यासाटी थांबायचं न्हाई." साहेब बूट काढून, पँट दुमडून स्वतः खाली उतरले. मी कंदील धरला, सोपानकाका मागून आले. पाणी अठराच्या खाली अर्धं बोट होतं. त्यांनी अंगठा अठराव्या रेघेवरच्या गेरूवर घासला आणि उजेडात धरला. अंगठ्याला कोरडी लाल भुकटी लागली होती. मग तोच अंगठा रेघेच्या जरा खाली, पाण्याच्या काठाशी टेकवला. तिथून ओला चिखल आला.  आम्ही तिघंही त्या अर्ध्या बोटाकडे पाहत उभे राहिलो. पाणी वर सरकताना दिसत नव्हतं, फक्त गेरूची कड गडद होत गेली, आणि मग रेघेशी एक पातळ लाल धागा सुटून पाण्यात पसरला.

"शिवलं," मी म्हणाले.

सोपानकाका पायऱ्या दोन-दोन करून वर गेले. खाली खाचरांत लावणी करणाऱ्यांना इशारा म्हणून त्यांनी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर सात ठोके मारले आणि चाक फिरवायला घेतलं. साहेबांनी माझ्या हातातून वही घेतली, सकाळच्या नोंदीसमोर लाल शाईनं लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणीनुसार पातळी १८ ला पोहोचली नव्हती. दार बंद ठेवणे योग्य. नोंद चुकीची,' आणि सही केली. माझा आकडा त्यांनी खोडला नाही. तो आजही त्या वहीत असेल.

मग ते घरी आले. विहिरीपासून येताना मी त्यांना अब्बांची रीत आणि तिचा मी केलेला नियम, दोन्ही सांगितलं. अब्बा खाटेवर उठून बसायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. अम्मानं बिनदुधाचा चहा दिला आणि दूध नसल्याबद्दल म्हशीला दोष दिला.

"इब्राहिमभाई, तुमची वाचण्याची रीत मला लिहून द्या. सगळ्या तलावांवर लावता येईल."

"त्यात लिवन्यासारखं काय हाय, साहेब? पान्याला इचारायचं, शेवटी कुनाला शिवलंस."

साहेब हसले. "आणि तुमची मुलगी पाण्याला न विचारता लिहिते."

"शिकतीया अजून," अब्बा म्हणाले. माझ्या शिक्षणाबद्दल परक्यासमोर ते पहिल्यांदाच बोलले होते, आणि त्या बोलण्यातला 'अजून' हा शब्द मी मनात पक्का धरला. रीत मीच लिहून दिली, त्यांच्याच शब्दांत. साहेबांनी तिच्यात एक भर घातली: अंकाशेजारी पाणी रेघेपासून किती बोटं वर किंवा खाली आहे, तेही लिहावं.

आता त्या खोऱ्यात शनिवार-रविवारची घरं झाली आहेत आणि तलावाची पातळी म्हणे कुठल्याशा यंत्रातून थेट पुण्याला जाते. ते यंत्र वळणाऱ्या पाण्याचं काय करतं, हे मी एकदा तिथल्या तरुण अभियंत्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ते दर मिनिटाला वाचतं." उत्तर बरोबर होतं. तरी एका मिनिटाच्या आतही पाणी वळू शकतं, हे मी त्याला सांगितलंच.

तिसाव्या तारखेला मला परत जायचं होतं. त्या सकाळी अब्बा डॉक्टरांचं न ऐकता, माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी मोजत विहिरीत उतरले. दार दोन दिवस उघडं राहून पुन्हा बंद झालं होतं. पाणी शांत होतं. ते पट्टीकडे वळले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तू सांग."

मी वाकून पट्टीला बोट लावलं. ओल्या पट्ट्याचं वरचं टोक पाहिलं, खालचं पाहिलं, सतराव्या रेघेपासून अंतर घेतलं.

"उतरतंय. सतराला शिवून खाली आलंय. खाली दीड बोट."

"दीड का दोन?"

मी पुन्हा बोट लावलं. "दीड."

"लिव मंग."

मी लिहिलं: १७, खाली १॥ बोट.